फेकणाऱ्याची टक्केवारी

अरुणला एकाच गोष्टीची धास्ती होती. पोरासाठी वशिला लावणारा बाप असं आपल्याला कुणी म्हणू नये. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावच्या भारतीय मंडळींत असे बाप त्याने पाहिले होते आणि त्यांना मनसोक्त हसलाही होता.

कोरोनाच्या त्या हिवाळ्यात पोराच्या क्लबच्या कोचने त्याच्यावर एक काम सोपवलं. क्लब अमेरिकन फुटबॉलचा. त्यात चेंडू हाताने फेकणारा तो क्वार्टरबॅक आणि पळत जाऊन झेलणारे ते रिसीव्हर. पालकांना मैदानावर बंदी होती, मुलांचे गट ठरलेले होते, त्यांत अदलाबदल नाही. कोच म्हणाला, तू चिप कंपनीत दिवसभर आकडेच बघतोस, तर सरावाचे व्हिडिओ बघून दोन्ही क्वार्टरबॅकनी फेकलेले किती चेंडू झेलले गेले त्याची टक्केवारी काढ. सामने सुरू झाले की दोघांतला एकच खेळणार. एक तुझा विराज आहे, पण तू सरळ माणूस आहेस. या शेवटच्या वाक्यावर अरुण विरघळला.

विराजच्या गटात नुकतीच हॉकी सोडून आलेली मुलं होती. चेंडू छातीवर यायचा, बोटांना लागायचा आणि गवतात पडायचा. कणीक मळता मळता त्याच्या बायकोने, मृदुलाने, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, तो नीटच फेकतोय. त्यांना झेलता येत नाही."

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून अरुणने तिला गप्प केलं. पण अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते त्याला दिसत होतं. कंपनीत एखादी चिप नापास झाली तर हा गृहस्थ आधी मोजणारं मशीन तपासायचा. इथे मात्र झेलला तो बरोबर, पडला तो चूक. एका ओळीचा शेराही त्याने जोडला नाही, कारण शेरा म्हणजे वशिला.

कोचने दुसऱ्या मुलाला निवडलं आणि विराजला सांगितलं, आकडे खुद्द तुझ्या बाबांचे आहेत. विराज घरी आला. जेवला, आपलं ताट धुतलं आणि मागच्या बागेत गेला.

अरुण बाहेर आला तेव्हा विराज कुंपणावर चेंडू फेकत होता, अगदी हळू, लहान मुलाला द्यावा तसा. असा का फेकतोस, असं विचारल्यावर म्हणाला, मी जोरात फेकतो म्हणून त्यांना झेलता येत नाही, तुमच्या टक्केवारीत आलंच की ते. अरुणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला टाक, नेहमीसारखा, म्हणत त्याने हात पुढे केले. चेंडू थेट हातात आला आणि सुटला.

"सॉरी बाबा," विराज लगेच म्हणाला. "माय फॉल्ट."

"तुझा नाही रे. चेंडू बरोबर होता, माझ्याकडून सुटला. त्या मुलांकडूनही असाच सुटायचा. मी बघायचो ना."

चेंडू उचलायला वाकलेला विराज तसाच थांबला.

"यू सॉ दॅट? देन व्हाय डिडन्ट यू राइट इट?"

उत्तर अरुणला ठाऊक होतं. लोक काय म्हणतील, एवढंच होतं ते. पोराकडे बघून ते त्याला सांगवेना.