सावलीतला पट्टा

बहिणीनं शिडाच्या गुंडाळीवर गुडघा रोवला आणि बांधलेला दोर कापला. शीड वर्कशॉपच्या फरशीवर भसाभस उलगडत भावाच्या पायांवरून गेलं. तो बाजूला झाला नाही. तिनंही आवरलं नाही.

"चपला काढ," ती म्हणाली.

"काढल्यात. शिडाखाली आहेत."

बाबा गेल्यावर होडी भावाकडे, वर्कशॉप बहिणीकडे आणि बोलणं बंद, अशी वाटणी झाली होती. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच आला होता. त्याआधी त्याची चिठ्ठी लागली होती, धक्क्यावरच्या फळ्यावर : 'शिडाला ऊन-पट्टा शिवायचा असेल तर माझ्या बहिणीकडे जाऊ नका.' खाली सही, तारीख आणि, कोणी चुकून भलत्याच वर्कशॉपला जाणं टाळू नये म्हणून, वर्कशॉपचा पूर्ण पत्ता. आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आपापली शिडं परत घेऊन गेली होती. तिसरं कालपासून घुटमळत होतं.

"बघ तुझं काम."

ती बघतच होती. वापर नसताना हे शीड होडीच्या नाकाशी ताणलेल्या तारेभोवती गुंडाळून ठेवतात. कडेला एकाच बाजूनं शिवलेला निळा पट्टा तेव्हा बाहेर राहतो, ऊन खातो आणि आतलं पांढरं कापड वाचतं. इथे पट्ट्याच्या उलट बाजूचं पांढरं कापड पिवळं पडलं होतं. तिनं बोट टेकवलं, ते आरपार गेलं. निळा पट्टा मात्र नवाकोरा. घरजावयासारखा सावलीत बसून राहिला होता.

"उलटं गुंडाळलंयस," ती म्हणाली. आवाज चढवायची गरजच उरली नव्हती. "पट्टा आत, शीड उन्हात. छत्री शर्टाच्या आत घालून पावसात गेलास आणि आता छत्रीवाल्याला शिव्या देतोयस."

तिनं कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं.

"लिही. 'शीड उलटं गुंडाळलं होतं. मी बैल आहे.' सही, तारीख, पूर्ण पत्ता."

त्यानं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"मी नाही गुंडाळलं."

"मग काय, कावळ्यांनी?"

"बाबांनी. शेवटच्या फेरीला. शीड गुंडाळायच्या चकरीवर दोर त्यांनीच भरला. उलटा. मला दिसत होतं."

"आणि गप्प बसलास?"

"शीळ घालत होते ते." त्याची नजर फरशीवर होती. "नंतर मी होडी पाण्यात सोडलीच नाही. पंधरा दिवसांपूर्वी शीड उघडलं तर चिंध्या. धक्क्यावर जो तो विचारायला लागला, चूक कोणाची."

"आणि तू माझं नाव घेतलंस."

"बाबांचं घेऊ?"

तिनं कागद ओढून घेतला आणि त्याच कागदानं मशीनच्या सुईवरचं तेल पुसलं. मग निळ्या कापडाचा तागा खाली काढला आणि पिवळ्या बाजूवर माप धरलं.

"ती चुकीची बाजू आहे, ताई."

"कळतं मला. चकरीवरच्या दोराला हात लावू नकोस."

"जुना पट्टा उसवणार नाहीस?"

"नाही. तुझा भरवसा नाही."

शिडाखालून त्याला एकच चप्पल सापडली. ती घालून तो दारापर्यंत गेला.

"फळ्यावरची चिठ्ठी काढतो."

"काढलीस की पुन्हा विचारतील, मग चूक कोणाची." तिनं कापड सुईखाली सरकवलं. "फळ्यावर ऊन येतं ना?"

"दिवसभर."

"मग राहू दे. उडेल शाई."