पंचमीच्या पुरातली खेप

गेनूमामा मला आधी नाकाला आठवतो, मग डोळ्यांना. करंजाच्या तेलाचा कडवट, उग्र दर्प, त्यात भिजलेल्या अंबाडीच्या दोरांचा कुबट वास, आणि श्रावणातल्या उन्हाची एखादी चुकार तिरीप पडली की त्याच्या नावेचं काळं लाकूड नुकत्याच धुतलेल्या म्हशीच्या पाठीसारखं तकतकायचं. वर्षानुवर्षं नावेला तेल पाजता पाजता मामाचे हातही तेच तेल प्यायले होते. नावेत चढताना त्यानं हात पुढं केला, की तो धरणारीच्या तळव्याला दिवसभर तो वास येई. माझ्या तळव्याला तो आजही येतो, असं लिहायला फार बरं वाटलं असतं. पण खोटं बोलायची माझी हौस एकदाच कायमची फिटलेली आहे.

आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. नाशिकच्या घाटांवर ती देवाधर्माची, सोवळ्याओवळ्याची. पण तिथून सात-आठ कोस खाली आली, दारणा तिला मिळाली, की ती एकदम ऐसपैस आणि जरा आडदांड होई. तिच्या उत्तरेच्या काठी माझं सासर, दक्षिणेच्या काठी माहेर, आणि मधे हा गेनू भोई. दोन्ही काठच्या सासुरवाशिणी त्याला मामा म्हणत, कारण माहेरच्या वाटेवर पहिला भेटणारा माणूस तोच. "बस पोरी, पदर सावर, हालू नको," एवढंच त्याचं बोलणं. पण माहेरी नेताना तो वल्हं जोरात मारतो आणि सासरी आणताना सावकाश, असं आम्ही सगळ्याजणी शपथेवर सांगत असू. त्याला विचारलं तर म्हणे, "धारेचा फरक हाय तो, दुसरं काय नाय."

ऋतू त्याच्या अंगावर वाचता येत. वैशाखात गंगा घोट्याएवढी होई, नाव करंजाखाली पालथी पडे, आणि मामा वाळवंटात काकड्या-खरबुजांची वाडी राखत उकिडवा बसलेला दिसे. उन्हानं करपलेला, पाहुण्याच्या घरी आल्यासारखा अवघडलेला. आषाढ लागला की तोच माणूस ताठ होई. नावेच्या टोकाशी उभा राहून, डोळे बारीक करून तो वरच्या अंगाला पाहत राही, ओंजळभर पाणी तोंडात घेई, खळखळून थुंके आणि निर्णय देई, "दारणेचं हाय, उतरंल सांजपर्यंत." किंवा, "तिरमकाकडचं हाय. आता बाई लवकर ऐकायची नाय." त्र्यंबकच्या डोंगरांतला पाऊस असा त्याच्या जिभेला कळत असे. रामकुंडावरून वाहत आलेलं निर्माल्य नावेच्या वाटेत आलं तर तो ते वल्ह्याच्या पात्यानं हळूच बाजूला सारी. त्याच्यावर वल्हं आपटू देत नसे.

पुराच्या दिवसांचा त्याचा एक कायदा होता आणि तो सरकारच्या कायद्याहून कडक होता. काठावरच्या म्हसोबाच्या शेंदराला पाणी टेकलं, की मामाची बायको गंगेची खणानारळानं ओटी भरे आणि मामा नाव दुहेरी दोरानं करंजाला बांधून टाकी. मग मामलेदार येवो की पाटील, तो हाताची घडी घालून बसून राही. ती दोरी सोडायला दोनच कारणं त्याच्या बापानं त्याला घालून दिली होती: एक अडलेली बाळंतीण, दुसरं आईबापाची शेवटची भेट. "या दोन्हीला गंगा आडवी येत नाय," तो म्हणे. त्यात त्यानं कधी कुणाची उलटतपासणी केली नाही. असल्या गोष्टीत माणूस खोटं बोलू शकतं, हे त्याच्या मनालाच शिवलं नव्हतं. ते माझ्या मनाला शिवलं.

तीस-एकतीस सालचा श्रावण असेल. मी सोळा वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं, आणि नागपंचमीला भाऊ मुराळी म्हणून मला न्यायला यायचा होता. चार दिवस आधी पाणी म्हसोबाला लागलं, नाव बांधली गेली आणि भाऊ पलीकडंच अडकला. सासू खाष्ट असती तर आज मला तोंड लपवायला तेवढा तरी आडोसा मिळाला असता, पण त्या माउलीनं कासाराला घरी बोलावून मला नवा हिरवा चुडा भरला आणि म्हणाली, "पाणी उतरलं की जा गं. माहेर काय पळून जातंय?" माहेर नव्हतं पळून जात, पंचमी जात होती! पलीकडच्या काठावर निंबाला बांधलेला झोका मला आमच्या परसातून दिसत होता, लुगड्यांचे लाल-पिवळे रंग तिथं खालीवर हेलकावत होते, आणि माझ्या जिवाची नुसती काहिली होत होती. एका झोक्यासाठी. हे मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे मला काही फार थोर दुःख होतं असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

पंचमीच्या सकाळी मी बांगड्या कोपरापर्यंत वर सारून पदराखाली दडपल्या, डोळे चोळून लाल केले आणि करंजाखाली जाऊन उभी राहिले.

"मामा, आईला फार झालंय. शेवटचं आहे म्हणतात."

मामा बसला होता तो उठला. "निरोप कुणी आणला पोरी?"

"नाशकाच्या पुलावरून फिरून माणूस आला होता."

काय सफाई ती! मास्तरांची लेक ना मी, पाठांतर चोख. घरी सासूला सांगून आले होते की मामा नेतो म्हणालाय. गेनू नेतोय म्हणजे पाणी उतरलं असणार, असं ती भाबडी समजली. मामानं एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा माझ्या डोळ्यांकडं. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकला, पण या वेळी निर्णय काही सांगितला नाही. खाली बसून तो दोराच्या गाठी सोडू लागला.

नाव पाण्यात लोटताना त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "गंगामाय, माय-लेकीची भेट हाय. वाट दे." माझ्या कानशिलांना चटका बसला. त्या क्षणी नाव हातभर पाण्यात होती, मामाचे पाय अजून तळाला टेकलेले होते. "मामा, राहू द्या" एवढे तीन शब्द पुरले असते. मी ते बोलले नाही. मग ते तांबडं, जाड, घुसळलेलं पाणी आम्हांला कवेत घेऊन धावत सुटलं. झोपड्यांची छपरं, मुळासकट बाभळी, एक फुगलेलं वासरू शेजारून जात होतं, आणि मामा गुडघे किंचित वाकवून असा उभा होता की त्याच्या पाठीचा प्रत्येक स्नायू धारेशी बोलतो आहे, कधी तिला दटावतो आहे, कधी तिची मनधरणी करतो आहे, आणि या सगळ्यात माझ्याकडं पाहायला त्याला एकदाही सवड नाही. एवढं सुंदर काही मी त्यानंतर पाहिलं नाही. ते पाहायची माझी लायकी नव्हती, ही गोष्ट वेगळी.

अर्धा कोस खाली वाहत जाऊन नाव काठाला लागली. मामा धापा टाकत होता. "पळ पोरी," तो म्हणाला, "माय वाट बघत असंल. मागं बघू नको." मी पळाले. वळणावर पदर सुटला, बांगड्या खळकन मनगटावर उतरल्या, आणि मला हसू फुटलं. ते हसू मला या वयातही पुसून टाकता आलेलं नाही. आई चुलीपाशी पंचमीची दिंडं उकडत होती, ठणठणीत, घामानं डबडबलेली. "अगं बाई! कशी आलीस?" ती म्हणाली. "मामानं आणलं," मी म्हणाले. दुपारी झोका असा चढवला की वर गेल्यावर गंगेचं अख्खं पात्र दिसे. ते मोकळं होतं. मामा पोचला असेल, असं वाटून मी आणखी एक हेलकावा घेतला.

मामा पोचला नव्हता. दम न खाता तो तसाच माघारी निघाला होता, कारण नाव एकच आणि त्या काठी एखादी बाई अडली तर काय, हा त्याचा घोर. मध्यधारेत एका वाहत्या खोडानं नावेची बरगडी फोडली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कोसभर खाली एका बाभळीत अडकलेला तो लोकांना सापडला. जीव वाचला, पण उजवा खांदा निखळून हाडाचा चुरा झाला होता; तो हात पुढं कधी कमरेच्या वर उचलला गेला नाही. नावेची एक फळीसुद्धा मिळाली नाही.

पाणी उतरल्यावर गावानं त्याला दूषणं दिली, एवढ्या पुरात नाव सोडायला तू वेडा का खुळा म्हणून. तो एवढंच म्हणाला, "माय-लेकीची भेट होती." सासूनं मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, हो, आईला जास्त झालं होतं, आता उतार आहे. आईला सगळं कळलं तेव्हा तिनं मला मारलं नाही, भिंतीकडं तोंड करून बसली आणि म्हणाली, "जा, त्याला सांगून ये." मी म्हणाले, सांगते. पुढं दर खेपेला ती विचारी, "सांगितलंस?" आणि दर खेपेला मी म्हणे, पुढच्या वेळी.

दोन्ही गावांनी मिळून दुसऱ्या गावचा नावाडी आणला. मामा करंजाखाली बसून डाव्या हातानं, दातांत टोक धरून दोर वळत असे. मी नावेकडं निघाले की मान वर करून विचारी, "आई बरी हाय ना पोरी?" मी म्हणे, "बरी आहे." त्याबरोबर त्याच्या करपलेल्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडे, की मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटे. कितीदा ठरवलं, आज बोलायचं. पण तो आधी विचारून मोकळा होई, आधीच हसून मोकळा होई, आणि मी नावेत चढून बसे.

सात वर्षांनी आई खरोखरच गेली, चार दिवसांच्या तापानं. शुद्ध होती तोवर तिनं हातानं खूण करून मला तेच विचारलं, सांगितलंस? दहाव्याला आम्ही सगळे गंगेवर जमलो, तेव्हा मामा नव्या नावेतून, परक्याच्या वल्ह्यानं, पलीकडून आला. माझ्यासमोर बसला. डाव्या हातानं माझं डोकं कुरवाळत म्हणाला, "रडू नको. सात वरसं मिळाली तुला. त्या दिशी पोचली नसती तर? तू तोंडात पाणी घातलं, माय यमाच्या दारातनं माघारी फिरली. लोक मला म्हनले गेनू, तुझा हात गेला, नाव गेली. मी म्हनलो, गेली तर गेली; एका लेकीला सात वरसं माय मिळाली. माझी खेप वाया नाय गेली पोरी."

आता बोलायचं, असं मी मनाशी म्हटलं. तोंड उघडलंही. समोर तो म्हातारा, एक हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, आणि डोळ्यांत कुणी न दिलेलं, त्यानं स्वतःच जपून वाढवलेलं समाधान. "हो मामा," मी म्हणाले, "तुमच्यामुळंच." तो डोळे पुसत हसला. त्या वर्षाच्या थंडीत तोही गेला.

मी त्याच्यावर दया केली, असं मला कुणी कुणी सांगून पाहिलं आहे. कसली दया! पहिलं खोटं मी झोक्यासाठी बोलले आणि शेवटचं भीतीपोटी. त्याचं भलं झालं असेल तर तो योगायोग. वर्षं जातात तशी माणसाच्या अपराधाची धार बोथट होते म्हणतात, पण मला उलटंच दिसलं: जिवंत होता तोवर मामा मला क्षमा करू शकला असता, आणि जाताना, काही ठाऊक नसताना, तो ती क्षमाही आपल्याबरोबर घेऊन गेला.