दहापैकी शून्य

खिडकीशी जाऊन तिने लेकीच्या वहीचं पान उजेडात तिरपं धरलं. कारखान्यात शर्टाची कॉलर धरायची, तसंच. कपड्यांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. अकरा वर्षांत सुटलेला एक टाकाही हिच्या टेबलावरून पुढे गेलेला नाही, असं मुकादम नव्या मुलींना सांगायचा.

पानावर दहा गणितं होती. प्रत्येकात दोन संख्या, मधे एक चौकट, आणि चौकटीत लहान-मोठेपणाचं चिन्ह भरायचं. ४७ आणि ३९. ठकीने चिन्हाचं टोक सत्तेचाळीसकडे केलं होतं, म्हणजे सत्तेचाळीस लहान. पुढे १८ आणि ८१. तिथे अठरा मोठे. खालपर्यंत हीच तऱ्हा. तळाशी बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, 'दहापैकी शून्य. घरी सराव घ्यावा.' सलग पाचवं शून्य.

सात वर्षांची पोर, दुसरीतली. एक-दोन चुकली असती तर आईने मनावर घेतलं नसतं. पण दहाच्या दहा चुकायला चिन्हंच उलटी समजलेली हवीत, नाहीतर बरोबर उत्तर आधी ठाऊक हवं. इथे तर चौकटींमधला कागद खरवडल्यासारखा झाला होता. आधी काहीतरी लिहून ते खोडलेलं होतं. शिवण उसवून पुन्हा घातली की कापडावर जुन्या टाक्यांची भोकं राहतात, तशी खाली जुन्या रेघेची खूण दिसत होती. आणि ती खूण बरोबर होती.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

"ठके, हे कुणी खोडलंय?"

ठकी फरशीवर बसून बुटाची नाडी बांधायला शिकत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच."

"कुणी सांगितलं खोडायला?"

"कुणीच नाही."

उत्तर फार पटकन आलं. इतकी पटकन उत्तरं देणारा त्या घरात एकच माणूस होता, आणि त्याला घर सोडून आठ महिने झाले होते.

ठकीचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी त्याची नोकरी गेली आणि तीन महिने त्याने घरात ताकास तूर लागू दिली नाही. रोज सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून निघायचा, संध्याकाळी येऊन कुठली लिफ्ट कितव्या मजल्यावर अडकली आणि आत कोण कोण होतं ते रंगवून सांगायचा. ठकी हसून लोळायची. तीही हसायची. खरं कळलं तेव्हा नोकरी गेल्याचं तिला फारसं वाटलं नाही. आपण त्या थापांना मनापासून हसलो, हे मात्र सोसवेना. पुढे त्याला दुसरीकडे काम मिळालं, पण 'परत ये' असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. रविवारी तासभर त्याने ठकीला बागेत न्यायचं, एवढंच ठरलं.

मग बाईंचा पहिला शेरा आला. कामावरून येऊन, एक डोळा गॅसकडे ठेवून ती शिकवायला बसली की दहाव्या मिनिटाला तिचा आवाज चढायचा आणि ठकीचे डोळे भरायचे. तो म्हणाला, मंगळवारी आणि शुक्रवारी मी घेतो सराव. तिने हो म्हटलं, पण अटी घालून. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचं, आपल्या नजरेसमोर, आणि साडेसात वाजले की निघायचं.

आता तिला सगळं लख्ख दिसू लागलं. पोरीला गणित आलं की याचं येणं संपणार. म्हणून हा आधी बरोबर लिहून घेतो आणि आपली पाठ वळली की उलटं करायला लावतो. वर पोरीला सामील करून घेतलंय.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती शाळेत गेली. मधल्या सुट्टीचा गोंधळ चालला होता. बाईंनी खडूने पांढरे झालेले हात झटकले, कपाटातून ठकीची वर्गातली वही काढली आणि तिच्यासमोर उघडली. पान न् पान बरोबर.

"आधी मला वाटलं, शेजारणीचं बघून लिहिते," बाई म्हणाल्या. "म्हणून जागा बदलली. मग एकटीला फळ्याशी उभं केलं. तीन आकडी संख्या दिल्या, अजून शिकवल्याही नाहीत त्या. एक चूक नाही."

ती वहीची पानं उलटत राहिली.

बाईंनी आवाज खाली आणला. "राग मानू नका, पण घरी सराव कोण घेतं?"

"तिचे वडील."

"त्यांचाच गोंधळ होत असेल. होतं कधी कधी, मोठ्या माणसांचंही."

"त्यांना चांगलं येतं," ती म्हणाली.

"मग मला कळत नाही. मी मुलांना सांगून ठेवलंय, ज्याला दहापैकी दहा, त्याचा घरचा सराव बंद. बाकीची पोरं त्यासाठी जीव टाकतात. आणि ही एवढी हुशार पोर..."

घंटा झाली. ती निघाली. उरलीसुरली शंकाही आता फिटली होती. वर्गात बरोबर आणि घरी चूक, म्हणजे चूक घरात शिरते. घरात बाहेरून येणारा माणूस एकच.

शुक्रवारी तो सहाला आला. ती त्यांच्याकडे पाठ करून बटाटे सोलत राहिली, पण कान मागे होते.

"हं, हे चिन्ह म्हणजे लिफ्ट, मधे उभी," तो ठकीला सांगत होता. "डावीकडे सत्तावन्न माणसं खोळंबलीत, उजवीकडे पंचाहत्तर. दार कुणीकडे उघडायचं?"

"जास्त माणसं तिकडे."

"आणि बंद बाजू?"

"कमी माणसांकडे. ती बिचारी जिन्याने जातील."

दोघं खुसुखुसु हसली. तिच्या हातातली सुरी थांबली. मुद्दाम मोठ्याने बोलतोय, तिला वाटलं. मला ऐकू यावं म्हणून. तिने झटकन मागे वळून पाहिलं. ठकी लिहीत होती, तो खिडकीबाहेर बघत होता. खोडरबर टेबलावर त्याच्या हाताशी होतं.

साडेसातला तो उठला. ती त्याच्यामागोमाग जिन्यात आली आणि दार ओढून घेतलं.

"मंगळवारपासून येऊ नकोस."

"का? काय झालं?"

"काय झालं ते मला विचारतोस? बरोबर लिहिलेलं खोडून उलटं लिहिलंय. डोळे आहेत मला. मी शाळेतही जाऊन आले. वर्गात तिचं एक चिन्ह चुकत नाही."

ती पटकन येणाऱ्या उत्तराची वाट बघत होती. ते मोडून काढायची तिची पुरती तयारी होती.

"स्वतःचं येणं चालू राहावं म्हणून पोरीला खोटेपणा शिकवतोस. तुझं तुझ्यापाशी होतं तोवर ठीक होतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या बंद दाराकडे. आत ठकी काहीतरी गुणगुणत होती. त्याने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"बरं," तो म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे नाही येत."

खाली जाताना तो जिन्याच्या वळणावर थांबला. काहीतरी सांगेलसं वाटलं, पण तो उतरून गेला. खालचं दार वाजेपर्यंत ती तिथेच उभी होती. कबूल केलं, तिने स्वतःला सांगितलं. चोरी पकडल्याचं समाधान वाटायला हवं होतं, ते मात्र वाटेना. आत येऊन तिने ठकीला जेवायला वाढलं. वही दप्तरात गेली होती. ती काढून बघावी असं तिला वाटलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची. ठकीला उठवायला गेली तर अंथरूण रिकामं. स्वयंपाकघरातला दिवा चालू होता.

ठकी टेबलाशी बसली होती. खाली गणवेशाचा स्कर्ट, वर झोपायचा सदरा. जीभ दातांत धरून ती एकेका चौकटीतलं चिन्ह खोडत होती, फुंकर मारत होती आणि शांतपणे उलटं काढत होती. खोडरबराचा चुरा खाली सांडू नये म्हणून तिने एका बाजूला त्याची इवलीशी रास केली होती.

"ठके."

ठकीने पानावर तळहात ठेवला. मग स्वतःच उचलला.

आई खुर्ची ओढून समोर बसली. "बाबांनी सांगितलं असं करायला?"

"नाही." ठकीने जोरात मान हलवली. "बाबा रागावले. मागच्या मंगळवारी त्यांना खोडलेलं दिसलं. म्हणाले, असं नाही करायचं. म्हणाले, मी नाही आईला सांगणार, तूच सांग."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते." ठकी नखाने टेबल खरडू लागली. "पण मग तू म्हणशील, सगळी बरोबर लिही. मग दहा येतील. मग बाबा यायचे बंद."

तिला जिन्यातलं त्याचं 'बरं' आठवलं. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. तोंडातून ब्र काढला नाही.

बाहेर शाळेच्या बसचा भोंगा वाजला. बस अजून कोपऱ्यावरच होती. ठकी आईच्या तोंडाकडे बघत होती, शिक्षा नक्की काय होणार याचा अंदाज घेत. आईने वही स्वतःकडे वळवली. वरून खाली बोट फिरवत गेली, टाका टाका बघावा तसं. आठ चिन्हं उलटी झाली होती.

वही पुन्हा ठकीपुढे सरकवून ती उठली.

"खालची दोन राहिलीत," ती म्हणाली. "आटप, बस येतेय."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर गेली आणि तिथून त्याला फोन लावला. तिकडे मागे कुठेतरी हातोडीचे ठोके पडत होते. ते थांबले.

"मंगळवारी ये," ती म्हणाली.

"का? ठकी काही म्हणाली का?"

"नाही. काही नाही म्हणाली." तिने ओढणीच्या टोकाला आलेला एक सुटा दोरा बोटाला गुंडाळला. "तिला अजून जमत नाहीये ते लहान-मोठं. पुढे हातच्याची वजाबाकी आहे. तीही तिला जड जाईल असं दिसतंय."

"खरंच?" त्याने विचारलं. आवाजात संशय होता.

"खरंच," ती म्हणाली.