आयती वाट

पडद्यावर गोगलगाय आली आणि ताईंनी पर्समधून चष्मा काढला. शंखावर गुलाबी ठिपका होता, त्यांच्याच नेलपॉलिशचा. समुद्री गोगलगायी सगळ्या एकसारख्या दिसतात, म्हणून ओळखीसाठी ताई त्यांना टिकल्या लावायच्या.

परिषदेच्या मंचावर त्यांचा धाकटा भाऊ बोलत होता. सख्खा नव्हे. ताईंच्या प्रयोगशाळेत आला तेव्हा त्याला तराजू शून्यावर आणता येत नव्हता. ताईंनी शिकवलं, घरी जेवूखाऊ घातलं, म्हणून सगळे त्याला ताईंचा धाकटा म्हणायचे. त्याला दुसरीकडे नोकरी लागली, ती शिफारसही ताईंचीच.

आता तो सांगत होता की गोगलगायीची शक्ती चालण्यापेक्षा पायाखालचा चिकट स्राव तयार करण्यातच जास्त जाते. मागून येणारी मात्र त्याच वाटेवरून सरकते, तिला स्वतःचा स्राव फारसा गाळावाच लागत नाही. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, असं ताई प्रयोगशाळेत नेहमी म्हणायच्या. धाकट्यानं तेही म्हटलं. लोक हसले.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे मेल्या, केसानं गळा कापायचा तर निदान विनोद तरी स्वतःचा आणायचास! काचेवर गोगलगाय चालवायची, तिची वाट वाळू द्यायची, मग पात्यानं खरवडून तोलायची, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. धाकट्यानं आईवडिलांचे आभार मानले, संस्थेचे मानले. ताईंचं नाव कुठेच आलं नाही.

मग पडद्यावर आकडा आला. शंभरातले सत्तर भाग शक्ती स्रावावर खर्च. ताई दचकल्या. आकडा त्यांचाच होता, पण चुकलेला. वाळलेल्या स्रावात समुद्राच्या पाण्याचं मीठ राहतं, आणि ते न धुताच त्यांनी तोललं होतं. चूक लक्षात आली तोवर धाकटा नव्या नोकरीवर गेला होता. सांगायला कितीदा फोन केला, त्यानं उचलला नाही.

पुढच्या रांगेतून एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं,

"स्रावातलं मीठ कसं वेगळं केलंत?"

धाकट्यानं हातातले कागद चाळले. आणि अडलं की इतकी वर्षं जिकडे पाहायचा तिकडेच त्यानं पाहिलं, ताईंकडे. त्याच्यामागोमाग सभागृहातल्या माना वळल्या.

ताईंना भडभडून आलं. "धुतलं होतं" एवढंच म्हटलं असतं तर पोरगा सुटला असता, आणि ते त्यांच्या ओठांवर आलंही होतं. त्या खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या.

"मीठ धुवायचं राहिलं. चूक माझी आहे."

प्राध्यापक पूर्ण वळले.

"तुमची?"

"माझीच," ताई म्हणाल्या, आणि खाली बसून चष्मा पुसू लागल्या.