वाटीचा आवाज

"नाचायला साऱ्या लातूर जिल्ह्यात दुसरी जागा न्हाई व्हय गं तुला?" लक्ष्मीबाईनं आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. पण सुकन्या तिचीच लेक, एकदा ठरवलं की ठरवलं. रेणापूरजवळच्या आपल्या गावातल्या कोरड्या विहिरीत, पार तळाशी उतरून पाण्याचा नाच करायचं खूळ तिनंच काढलं होतं.

त्याच विहिरीत तिची थोरली बहीण तनुजा गेली होती.

दुष्काळाचं साल ते. तळाला जरासं पाणी झिरपायचं. अंगानं हलक्या पोरींना दोरानं खाली सोडायचे आणि त्या वाटीवाटीनं घागर भरायच्या. वरून काही दिसायचं नाही, म्हणून पोरीनं वाटी घागरीवर वाजवत राहायची. आवाज थांबला की दोर ओढायचा. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली रीत, लक्ष्मीबाईला ठाऊक नव्हती होय! पण तनुजा त्या दिवशी उतरायला तयारच नव्हती. आईनं दटावून उतरवली. आवाज थांबला तेव्हा आई दोर धरलेल्या बायांना म्हणाली, "रुसलीय मेली. बसू द्या घटकाभर."

पोर रुसली नव्हती. विहिरीतली हवा खराब झाली होती. वर काढली तेव्हा गार पडली होती.

आता तिथंच लोखंडी शिडी लावलेली. कंदील खाली सोडून हवा तपासली होती. लातूरची पाहुणेमंडळी मोबाईल सरसावून कठड्याभोवती उभी. राहवेना म्हणून लक्ष्मीबाईही आली होती. दिवस मावळतीला सुकन्या कमरेला दोर बांधून उतरली. कोरड्या तळावर वाकली, वळली, नसलेलं पाणी वाटीत घेऊ लागली, वाटी घागरीवर वाजवू लागली. टण. टण. टण. हळूहळू तळ अंधारात बुडाला, तरी वाटी वाजत होती.

मग थांबली.

ती नाचातलीच शांतता होती, पण आईला कोण सांगणार? "ओढा! अगं बायांनो, बघत काय बसलात, ओढा!" म्हणत तिनं दोर धरला. तनुजाच्या वेळी दोरावर असलेल्या बाया पदर खोचून धावल्या. दोर लई जड होता. तळहात सोलून निघाले.

"चुकलं गं माझं, तनू! आले, आले!"

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. धापा टाकत सुकन्या मागं उभी होती. शिडीनं वर आली होती. "आई, सोड. दोर मी कवाच सोडलाय कमरंचा. खाली कुणी न्हाई."

बायांचे हात चटका बसल्यागत सुटले. लक्ष्मीबाईनं काही दोर सोडला नाही. तिच्या एकटीच्या हातात तो तसाच ताठ होता, कठड्यावरून सरळ खाली गेलेला.

आणि खालून आवाज आला. टण. टण.

सुकन्यानं हातातल्या वाटीकडं पाहिलं. मग ती वाटी खाली ठेवली, आईच्या मागं उभी राहिली आणि दोर धरला.

"ओढ, आई," ती म्हणाली. "ताई रुसलेली न्हाई."