पॅडमधल्या अक्षता

मी एक जुनं पॉलिश मशीन आहे, मित्रांनो. किती जुनं, ते माझ्या वायरीवरच्या चिकटपट्ट्यांवरून ओळखा. खाली लोकरीचं गोल पॅड, वर मूठ, मुठीला बटण. धुतलेल्या गाडीवर मेण घोटून तिला चमक आणायची, हे माझं काम. ते सोपं आहे असं मूर्खांना वाटतं.

मला सुभेदार आकाराम यांनी सांगलीच्या बाजारातून आणलं. पलटणीतून निवृत्त होऊन ते कडेगावात ऊस बघत होते. त्यांची गाडी काळी. काळ्या रंगावर केसाएवढा ओरखडाही लपत नाही. म्हणून ते गाडी धुऊन सावलीत कोरडी करायचे, माझं पॅड बोटांनी चाचपायचे आणि मगच बटण दाबायचे. त्यांची मुलगी उत्कर्षा सांगलीच्या शाळेत शिकवते. माहेरी आली की ती शेजारी उभी राहायची.

"दाबू नका आण्णा. त्याचं त्याला फिरू द्या."

"तू शाळंत बाई. हितं सुभेदार मी," असं म्हणून ते हात हलका करायचे.

मुलगा राजवर्धन गाडी चमकल्यावर यायचा. टेकून फोटो काढायचा आणि जायचा. आण्णा अंथरुणाला खिळले तेव्हाही त्याची रीत तीच. सकाळी आत यायचा, पाया पडायचा, निघायचा. त्यांची चादर बदलायला उत्कर्षा सांगलीहून यायची. त्या खोलीतल्या फळीवरून मी हे सगळं पाहिलं आहे.

यंदा आण्णांचं वर्षश्राद्ध उरकताच राजवर्धनने गाडी विकायला काढली. उत्कर्षाने ती स्वतःसाठी मागितली.

"तुला कशाला? भावजींची हाय की," तो म्हणाला.

"मला आण्णांची हवी."

"विट्याचं नानासो दसऱ्याला बघायला येणार हायत. शब्द दिलाय मी."

शेवटी आण्णांना दवाखान्यात हलवलं तेव्हा मुक्कामाला येतो, असा शब्द त्याने त्यांनाही दिला होता.

खंडेनवमीला त्याने अवजारं मांडली. कोयते, खुरपी, फवारणीचा पंप आणि मी. इतकी वर्षं त्याने मला हातही लावला नव्हता. आता पॅड वर करून त्यावर हळद, ओलं कुंकू आणि मूठभर अक्षता टाकल्या. तांदूळ निवडायचेही कष्ट घेतले नव्हते, त्यात बारीक खडे होते. फोटो निघाला. सकाळपर्यंत ते सारं माझ्या लोकरीत वाळून घट्ट बसलं.

दसऱ्याला त्याने गाडी भर उन्हात काढली आणि मला उचललं.

"दादा, आधी पॅड धू. खडे आहेत त्यात," उत्कर्षा म्हणाली.

"पूजा हाय ती. दसऱ्याची पूजा कोण धुतं व्हय?"

आणि त्याने बटण दाबलं. मित्रांनो, माझं बटण माणसाच्या हातात असतं. तो माणूस कोणता, हे मला निवडता येत नाही. त्याने सगळा भार टाकून मला बॉनेटभर फिरवलं. मागे उमटत गेली नुसती वेटोळी, पांढरी आणि कुंकवाने लालसर.

नानासो आले. कोइमतूरला त्यांचं सोनं आटवायचं दुकान आहे, सणाला गावी येतात. ते बॉनेटवर वाकले.

"राजवर्धन, गाडी पुसलीस का खरवडलीस रं?"

"पॉलिश केलंय आवं. लय भारी मशीन हाय."

"मग मशीनच दे बांधून. गाडी ऱ्हाऊ दे तुला."

चहा पिऊन ते गेले. राजवर्धनने मला लाथ मारली, भंगार म्हणाला. मग गाडीची किल्ली उत्कर्षापुढे टाकली.

"घे तुझी गाडी. असली मला न्हाई शोभत."

तिने किल्ली उचलली, मलाही उचललं. मागच्या सीटवर ठेवून गाडी सुरू केली. 

सांगलीत ती सुईने एकेक खडा काढत बसली. मग पॅड साबणाच्या पाण्यात धुतलं. पाणी बराच वेळ लाल येत राहिलं. बरीचशी वेटोळी आम्ही दोघांनी मिळून घालवली. खोल गेलेली तशीच आहेत.

मित्रांनो, हात जोडणाऱ्यांचं मला काही कौतुक उरलेलं नाही. तुमच्या घरी जुनं मशीन असेल, तर त्याला कुंकू खुशाल लावा, पण चालवण्याआधी धुऊन काढा. आणि घरात कोणी अंथरुणावर असेल, तर पाया पडण्याआधी त्याची चादर बदला.