चिकलठाण्याच्या खांबाखालून

"येवढंच सांग, आमच्या श्रेयाची गाडी दुपारच्याला कुठं जायली," करमाडचे काकासाहेब म्हणाले आणि मोसंब्यांची पिशवी त्यांनी बाकड्यावर संध्याच्या अगदी शेजारी सरकवली. "दुसरं मला काय नको."

संध्या अकराच्या सुट्टीत चहाला बाहेर आली होती. टपरीच्या समोरच तिचं ऑफिस. रस्त्यारस्त्यांवरच्या खांबांवर बसवलेले कॅमेरे येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचतात आणि ते सगळं या ऑफिसातल्या पडद्यांवर येऊन पडतं. पोलिसांकडून चोरीच्या नाहीतर धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर आला, की तो टाकायचा, कारण लिहायचं आणि गाडी कुठल्या खांबाखालून किती वाजता गेली ते कळवायचं. काम बैठं, पगार वेळेवर. सहा वर्षं संध्या तिथं खुशीत होती.

"काका, असं नाय बघता येत. नियम हाय."

"व्हय का? तुह्या बापाची गाडी रोज बघती, तवा कुठं जातो नियम?"

संध्याला ठसकाच लागला.

चूक तिची होती आणि बढाई तिच्या बापाची. साहेबराव करमाडहून रोज मोपेडवर शहरात येत. मोंढ्याजवळच्या एका दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. दोन वर्षांपूर्वी शेंद्र्याजवळ त्यांना चक्कर आली आणि ते मोपेडसकट रस्त्याच्या खाली गेले. तासभर कुणाला पत्ता नाही. शेवटी याच काकासाहेबांनी पाहिलं, आपल्या जीपमध्ये घातलं आणि घाटी दवाखान्यात पोहोचवलं. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही ही साहेबरावांची शिस्त. मग संध्यानं दुसरा रस्ता काढला. रोज सव्वानऊला ती त्यांचा नंबर टाके. चिकलठाण्याच्या खांबाखालून मोपेड गेलेली दिसली, की तिचा जीव भांड्यात पडे. कारणाच्या रकान्यात ती नुसतं 'तपासणी' लिहायची.

एकदा तिनं हे साहेबरावांना सांगितलं. मग काय विचारता! दुसऱ्या दिवसापासून तो खांब आला, की त्यांचा डावा हात वर. लेकीला जय भीम! पाठीमागे ट्रक कर्णा वाजवत असला तरी चुकायचा नाही. पडद्यावर हेल्मेटमुळे तोंड दिसत नसे, पण हात दिसे आणि संध्या एकटीच हसे. साहेबरावांच्या तोंडात तीळ भिजत नाही. "माही पोरगी मला रोज वरून बघती," हे महिन्याभरात सगळ्या करमाडला पाठ झालं.

"कॉलेज सुटतं तीनला. पोरगी घरी येती सातला," काकासाहेब सांगत होते. "इचारलं तर म्हणती मैत्रिणीकडं. गाडी माह्या नावावर हाय, संध्या. माह्याच गाडीचं मला कळू नाय?"

"गाडी तुमची हाय, काका. जाणं तिचं हाय."

काकासाहेबांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "तुह्या बापाला मी इचारत बसलो नव्हतो, जीपमधी घालू का नको म्हणून. चारला येतो. नायतर मलाबी तुह्या साहेबाला सांगता येतं, हिचं काय चालतं ते."

त्यांनी नंबराची चिठ्ठी पिशवीत टाकली आणि ते गेले.

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. संध्या जागेवर जाऊन बसली. उपकार खरे होते आणि नोकरीही खरी होती. तिनं चिठ्ठी उलगडली, नंबर टाकला. कारणाचा रकाना उघडला. बोटं सवयीनं 'तपासणी' लिहून मोकळी झाली.

ती त्या शब्दाकडे बघत राहिली. बापाच्या काळजीला तोच शब्द, आणि कुणाच्या पोरीच्या मागावर राहायलाही तोच. तिला स्वतःची लाज वाटली. श्रेयाला तिनं परकर-पोलक्यात पाहिलं होतं. ती दुपारी कुठं जात असेल ते असेल. पण या पडद्यावरून ते करमाडच्या घरात गेलं, तर त्या पोरीचं कॉलेज उद्याच्या उद्या बंद होणार होतं.

तिनं शब्द पुसला, नंबर पुसला, उठली आणि अप्पाराव साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, माझ्याकडून चूक झालीय. दोन वर्षांपासून होतेय."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि संगणकावर यादी काढली. गाड्यांच्या नोंदी महिन्यानं पुसल्या जात. कुणी कोणती गाडी बघितली, ती नोंद मात्र पुसली जात नसे.

"चारशे एकसष्ट वेळा," ते चष्म्यावरून म्हणाले. "अगं, इतकं तर आपण चोरालाबी शोधत नाय."

संध्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"तू येऊन सांगितलंस म्हणून मेमोवर भागवायलोय. मला सापडलं असतं तर घरी बसली असतीस. आता सहा महिने फोनवर बस. नंबर टाकायचा नाय. आणि वडिलांचा तर कधीच नाय."

चारला काकासाहेब टपरीवर आले. संध्यानं पिशवी आणि फाडलेली चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

"साहेबांना मीच सांगितलं, काका. मेमो मिळाला. आता तुम्हाला सांगायला काय उरलं नाय." मग ती हळूच म्हणाली, "श्रेयाला जवळ बसवून इचारा. दटावू नका. सांगंल ती."

काकासाहेबांनी चिठ्ठीचे तुकडे खिशात टाकले. जाताना पिशवी त्यांनी पुन्हा बाकड्यावर ठेवली. "साहेबरावाला दे. अशक्तपणा हाय त्याला."

श्रेया दुपारी कुठं जायची, ते संध्याला आजही माहीत नाही. तिचं कॉलेज चालू आहे, एवढं करमाडहून कळतं.

रविवारी संध्या माहेरी गेली. "अण्णा, मी आता बघत नाय. बंद झालं ते," म्हणाली आणि मेमोचंही सांगून टाकलं. आई, कडूबाई, लगेच म्हणाली, "आन् परत पडले मंग?" आपल्या बोलण्यानं लेकीची नोकरी जाता जाता राहिली, हे साहेबरावांना फार लागलं.

"दुकानावर पोचलो का फोन करत जाईन," शेवटी ते म्हणाले. "आधीच करायला पाह्यजे होता."

सोमवारी सकाळी दोघं बरोबरच निघाले; पुढे साहेबरावांची मोपेड, मागे संध्याची स्कूटी. ऊन कोवळं होतं. बाप असा धडधाकट डोळ्यांपुढे चाललेला बघून तिला बरं वाटत होतं. चिकलठाण्याचा खांब आला. साहेबरावांनी वेग कमी केला आणि त्यांचा डावा हात वर निघाला. अर्ध्यावर तो थांबला, हनुवटीखाली गेला, हेल्मेटचा पट्टा ओढून पुन्हा खाली आला.

पट्टा घट्टच होता. निघताना संध्यानंच तो लावून दिला होता.